आवाज आहे म्हणून परत

लॅमिंग्टन रोडला जिना चढून दुसरा मजला,
डाव्या हाताला देढियांचं दुकान.
नवं बघायला मी तिथे जात नाही.
नव्याच्या किमती काचेवर लिहिलेल्या असतात,
त्या वाचायच्या, खाली उतरायचं, चहा प्यायचा.
मी विचारतो, "परत आलेलं काही?"

देढियाशेठ वहीतून मान वर न करता म्हणाले,
"एक आहे. बारा जीबी. चार दिवस नांदून आलंय."

हा शब्द त्यांनी कुठून उचलला कोण जाणे.
आमची शालनआत्या सतरा दिवस नांदून आली होती
आणि पुढची चाळीस वर्षं आमचे स्वेटर विणत राहिली.
बिल हरवलेल्या मालाबद्दल बोलावं
तसे सगळे तिच्याबद्दल हळू बोलत.

असो. खोका उघडाच होता.
काय बघायचं ते आता मला कळतं.
सोनेरी दातांवर ओरखडे किती,
दोन-तीन चालतील, जास्त असले तर ते घरोघर फिरलंय.
स्क्रूवरचा कागदी ठिपका शाबूत आहे ना.
खोक्यावरचा नंबर आणि पाठीवरचा नंबर एकच ना.
मग वास घ्यायचा. हो, वास.
नाणी खणायला रात्रंदिवस राबवलेल्या कार्डांना
करपलेल्या तव्याचा वास येतो.
याला नव्हता. वरची प्लास्टिकची साल अर्धीच सोललेली,
कुणी हौसेने बसावं आणि मधेच उठून जावं तशी.

"मग परत का?"

तौसीफने ते त्याच्या उघड्या सांगाड्यात बसवलं,
पडद्यावर एक केसाळ कडं गरगर फिरू लागलं.
साठ, अडुसष्ट, एकाहत्तरवर काटा थांबला.
"ऐका. येतंय ऐकू?"
पंख्याची सळसळ येत होती.
"त्याच्या वर. बारीक. डासासारखं. कॉइल ओरडते.
काम चोख, पण ओरडते.
ठाण्याच्या पोराला झोप लागेना, म्हणून परत."

मी वाकून उजवा कान लावला. मग डावा.

सव्वीस वर्षं मी शिवडीच्या छापखान्यात होतो,
चार रंगांच्या मशीनपाशी, कानात कापूस.
वरच्या पट्टीतलं सगळं तिथेच ठेवून आलो:
डास, घड्याळाचा गजर, आणि 'स' हे अक्षर.
बायको साखर म्हणते, मला आखर ऐकू येतं.

"नाही येत," मी म्हणालो.

खरं तर तोंड वाकडं करून म्हणायचं होतं,
अरे बापरे, फारच आहे हो,
आणि अजून दीड हजार उतरवायचे.
ही अक्कल मला नेहमी जिना उतरल्यावर सुचते.
नवं बत्तीसला होतं, हे तेवीसला मिळालं.
बिलाच्या तळाशी शेठने स्वतःच्या हाताने लिहिलं:
आवाजाची तक्रार ऐकली जाणार नाही.

आता ते काळाचौकीला माझ्या गाळ्यात असतं.
वर्षश्राद्ध जवळ आलं की लोक येतात,
रेशनकार्डावरचा अंगठ्याएवढा चेहरा घेऊन.
"भिंतीला लावण्याएवढा करा."
आधी नाकाची कड येते, मग पापण्या.
काल पारकरांच्या म्हातारीच्या कानातली कुडी
मोजता येईल इतकी स्वच्छ आली. सात मोती.
खरेच सात होते की यंत्राने भरले,
मी काही बोललो नाही. मुलगा म्हणाला, सातच.

झेरॉक्सवाल्या कदमांची पोरगी दारात उभी होती.
"काका, तुमचा डबा रडतोय."
"कसा गं?"
तिने ओठ आवळून करून दाखवलं.
मला तिचे ओठ दिसले, मानेवर ताणलेली शीर दिसली.
"सारखा रडतो?"
"नाही. चेहरा येत असतो तेव्हा.
आला की थांबतो."